जुन्या विषुववृत्तीय माउंटचा अडखळणारा अक्ष: लक्षणे, तपासणी आणि दुरुस्ती

जर्मन पद्धतीची जुनी विषुववृत्तीय माउंट, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारे आधार, मी अनेक वर्षे दुरुस्त करत आलो आहे आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एका वाक्यात सांगता येते: मोटर चालू असते, पण तारा नेत्रिकेत जागेवर राहत नाही. दाते झिजले असणार असे गृहीत धरून लोक सर्वांत आधी वर्म (चाकाचे दाते फिरवणारा आट्यांचा दांडा) चाकावर घट्ट दाबून बसवतात आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. माझ्याकडे आलेल्या बऱ्याचशा माउंटचे दाते शाबूत होते; बिघाड होता तो अक्षाच्या आत सुकून बसलेल्या ग्रीसचा, आणि घट्ट केलेल्या वर्मने त्यात भर घातलेली होती. म्हणून पुढील तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात. पहिल्या काहींना एक पैसाही खर्च येत नाही, आणि अनेकदा दोष त्यांतच सापडतो.

लक्षणे

तारा कसा हलतो हे आधी नीट पाहावे, कारण प्रत्येक दोषाची चाल वेगळी असते. खगोलीय विषुववृत्ताजवळचा आणि याम्योत्तर वृत्ताच्या (उत्तर-दक्षिण, डोक्यावरून जाणाऱ्या वर्तुळाच्या) आसपासचा एखादा ठळक तारा निवडावा. विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, ध्रुवाजवळचा तारा त्याहून फारच कमी, त्यामुळे ध्रुवाजवळ पाहिल्यास विषुवांश अक्षाचा (मोटरने फिरणाऱ्या, खगोलीय ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचा) दोष लपून राहतो. मोठ्या विशालनाची, आडव्या-उभ्या तारांची नेत्रिका लावावी, ताऱ्याची पूर्व-पश्चिम चाल एका तारेवरून होईल अशी ती फिरवून घ्यावी, आणि वीस मिनिटे दर मिनिटाला ताऱ्याची जागा वहीत नोंदवावी.

तारा काही सेकंद पश्चिमेकडे सरकला, मग झटक्यात मागे आला आणि पुन्हा सरकू लागला, आणि या झटक्यांना ठरावीक कालावधी नसेल, तर अक्ष चिकटतो आणि सुटतो आहे. मोटर फिरत राहते, गिअर आणि शाफ्ट किंचित पिळले जातात आणि साठलेला ताण घर्षणापेक्षा जास्त झाला की अक्ष एकदम पुढे उडी घेतो. या लेखाचा मुख्य विषय हाच दोष आहे.

तारा सावकाश पुढे-मागे झुलत असेल आणि प्रत्येक झोक्याला सारखाच वेळ लागत असेल, तर तो वेळ मोजावा. नाक्षत्र दिन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. चाक तेवढ्या वेळात एकदा फिरते आणि वर्मच्या एका फेरीला एक दाता पुढे सरकते, म्हणून १४४ दात्यांच्या चाकाचे वर्म ९ मिनिटे ५८ सेकंदांत एक फेरी पुरी करते, १८० दात्यांचे ७ मिनिटे ५९ सेकंदांत, आणि ३६० दात्यांचे ३ मिनिटे ५९ सेकंदांत. झोक्याचा काळ यांपैकी आपल्या चाकाच्या काळाशी जुळला, तर वर्म किंचित विकेंद्री आहे किंवा वाकले आहे. हा दोष सर्वच वर्ममध्ये थोडाफार असतो आणि डोळ्यांनी निरीक्षण करणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

तारा एकाच दिशेने सारख्या वेगाने सरकत असेल तर वेगाची चूक आहे. तो उत्तर-दक्षिण सरकत असेल तर माउंटचा ध्रुवाक्ष खगोलीय ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही. अशा वेळी काहीही उघडू नये, रोख सुधारावा. मोटर सुरू केल्यावर किंवा दिशा उलटवल्यावर तारा आधी बराच वेळ निसटत राहिला आणि मग अचानक धरला गेला, तर कुठेतरी ढिलाई आहे. आणि संध्याकाळी उत्तम चालणारे माउंट मध्यरात्रीनंतर थंडी वाढताच अडखळू लागले, तर ग्रीस तरी घट्ट होते आहे किंवा धातूच्या आकुंचनाने बेअरिंग आवळले जात आहे.

हत्यार न लावता करायच्या तपासण्या

पहिली तपासणी समतोलाची. दोन्ही क्लच (अक्षाला गिअरशी जोडणाऱ्या पकडी) सैल करून दुर्बीण आडवी धरावी आणि काउंटरवेट (दुर्बिणीला तोलणारे वजन) सरकवून ती सोडल्या जागी राहील असे पाहावे. नंतर पूर्वेकडची बाजू किंचित जड करावी, म्हणजे मोटर सतत वजन उचलत राहील आणि वर्मचा दाता चाकाच्या दात्याच्या एकाच बाजूला टेकलेला राहील. ही साधी कृती दोन दोष वेगळे करून दाखवते. पूर्व बाजू जड केल्यावर तारा शांत झाला तर दोष दात्यांमधील ढिलाईचा आहे. त्यानेच झटके वाढले तर दोष घर्षणाचा किंवा क्लच घसरण्याचा आहे. इतकी स्वस्त आणि इतके सांगून जाणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही, तरीही ती बहुधा कोणी केलेली नसते.

दुसरी तपासणी पायांची. नेत्रिकेत पाहत असताना नळीच्या टोकाला हलकी टिचकी मारावी. प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिर न झाल्यास तिवईचे सांधे, अक्षांशाचा कोन पक्का करणारा बोल्ट आणि नळीच्या कड्या तपासाव्यात. वाऱ्याने हलणारी तिवई आणि अडखळणारा अक्ष नेत्रिकेत जवळजवळ सारखेच दिसतात.

तिसरी तपासणी क्लचची. वर्म व्हील आणि त्याला लागून असलेली शाफ्टवरची कॉलर यांच्यावरून पेन्सिलची एक सरळ रेघ ओढावी, नेहमीच्या वजनासह माउंट तासभर चालवावे आणि रेघ पाहावी. ती तुटून दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर क्लच घसरतो आहे. बहुतेक वेळा क्लचच्या पृष्ठभागावर ग्रीस किंवा तेल पोहोचलेले असते. क्लच आवळून हा दोष तात्पुरता झाकला जातो, पण अक्ष आतून जड असेल तर तो घसरणारच. त्यामुळे क्लचकडे परत येण्याआधी पुढची चाचणी करावी.

वेगाची चूक असेल तर मोटरवरची पट्टी वाचावी. जुन्या माउंटची सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेनुसार फिरते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० हर्ट्झवर लावली की ती पाच-षष्ठांश वेगाने चालते आणि तारा दर मिनिटाला अडीच कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मागे पडतो, म्हणजे गुरूचे बिंब अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतःच्या व्यासाइतके सरकते. इथे माउंट निर्दोष असते. योग्य वारंवारता देणारा स्वतंत्र वीजपुरवठा किंवा योग्य मोटर एवढेच त्याचे उत्तर आहे. मात्र तारेवरचे रबर तडकलेले असेल, कापडी वेष्टन कुजलेले असेल किंवा आवरणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढावा आणि इथेच थांबावे. दवाने ओल्या होणाऱ्या धातूच्या उपकरणाला घरगुती दाबाची वीज जोडलेली असते. ते काम वीजतंत्रज्ञाचेच आहे.

मोकळ्या अक्षाची चाचणी

ही चाचणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. काउंटरवेटचा दांडा खाली रोखून क्लच आवळावेत, आधी नळी उतरवावी आणि मगच वजने काढावीत. क्रम उलटा केल्यास नळी स्वतःच्या वजनाने खाली झेपावते आणि बोटे किंवा भिंग यांपैकी काहीतरी जायबंदी होते. त्यानंतर वर्मचा ब्रॅकेट सैल करून वर्म चाकापासून दूर करावे, किंवा रचना परवानगी देत असेल तर क्लच पूर्ण सोडावा, म्हणजे अक्षाला फक्त त्याच्या बेअरिंगचा आधार उरेल.

आता काउंटरवेटचा रिकामा दांडा बाजूला उचलून सोडावा. निरोगी अक्षावर तो काही वेळ झुलून हळूहळू थांबतो. तो मधात बुडाल्यासारखा संथपणे खाली आला, तर ग्रीस दाट झाले आहे. वाटेतच थबकला आणि प्रत्येक वेळी त्याच कोनावर थबकला, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा बेअरिंगच्या कड्यात खड्डा पडला आहे. बोटांना वाळूसारखी कचकच जाणवली, तर बेअरिंगमध्ये गंज किंवा धूळ आहे.

ग्रीसचा दोष आणि आवळलेल्या बेअरिंगचा दोष एकमेकांपासून वेगळा करायचा असेल, तर दांड्याच्या टोकाला एका बोटाने अगदी सावकाश ढकलावे. दाट ग्रीसचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे सावकाश ढकलल्यास अक्ष सहज हलतो. आवळलेले बेअरिंग मात्र कितीही सावकाश ढकलले तरी सुरुवातीला अडते. हीच चाचणी उबदार खोलीत आणि पुन्हा थंड पहाटे करावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावते. ४० मिलिमीटरच्या शाफ्टभोवती ॲल्युमिनियमचे घर असेल आणि तापमान २५ अंशांनी उतरले, तर दोहोंमधली मोकळी जागा सुमारे एक शतांश मिलिमीटरने घटते. उन्हाळ्यात अचूक वाटणारी बसणी हिवाळ्यात जाम होण्यास एवढे पुरते.

या टप्प्यावर पुष्कळ जण भेदक तेलाचा फवारा फटींमधून आत मारतात. दोन-चार रात्री माउंट छान चालते आणि मग पूर्वीपेक्षा जास्त चिकटते, कारण फवाऱ्यातील पातळ द्रव उडून जातो, जुन्या ग्रीसचा राळेसारखा साका बेअरिंगच्या आणखी आत जाऊन बसतो, आणि क्लचवर तेल ओघळते ते वेगळेच. कायमचे जाम झालेले स्क्रू सोडवण्यासाठी हे तेल उपयुक्त आहे. अक्षाला वंगण म्हणून ते वापरू नये.

अक्ष मोकळा असेल तर वर्मची ढिलाई

अक्ष मोकळा फिरत असूनही दिशा उलटवताना तारा निसटत असेल, तर ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधावे. वर्म चाकावर दाबण्याआधी वर्म स्वतःच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकते का हे पाहावे. वर्मच्या टोकाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे मापक) टेकवून ते अंगठ्याने ढकलावे. गेज नसेल तर नखाला जाणवणारी हालचालही पुरेशी सूचक असते. १०० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर वर्म ०.०५ मिलिमीटर सरकत असेल, तर आकाशात ते सुमारे २०६ विकला होतात आणि मोटरला ती ढिलाई भरून काढायला जवळपास १४ सेकंद लागतात. डोळ्याला न दिसणारी ही फट तारा पकडण्यात एवढा विलंब लावते. ती वर्मच्या टोकाच्या थ्रस्ट नटने (वर्मची लांबीच्या दिशेची हालचाल रोखणाऱ्या नटने) किंवा पातळ शिमने (धातूच्या चकतीने) जाते. वर्म चाकावर कितीही दाबले तरी ती जात नाही, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक होते.

माउंट उघडणे

मोकळ्या अक्षाच्या चाचणीत दोष ग्रीसचा ठरला, तर अक्ष उघडण्यावाचून पर्याय नसतो. हे काम एका बैठकीत संपवण्याची घाई करू नये. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, जोडाच्या दोन्ही बाजूंना खूण करावी, आणि वॉशर व शिम ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत. कागदासारखा पातळ शिम निरुपयोगी समजून फेकला की तो अक्ष पुन्हा पूर्वीसारखा बसत नाही.

काही सापळे आधीच माहीत असावेत. सेटस्क्रूच्या खाली बहुधा पितळेची छोटी गोळी असते, जी स्क्रूच्या टोकापासून शाफ्टला ओरखडा पडू देत नाही. ती हरवल्यास तशीच नवी करून घालावी. कॉलर आणि कपलिंगमधल्या पिना पुष्कळदा निमुळत्या असतात, मेट्रिक पद्धतीत ५० ला १ आणि इंची पद्धतीत ४८ ला १ अशा उताराच्या, आणि त्या बारीक टोकावर ठोकल्यावरच बाहेर निघतात. जाड टोकावर ठोकल्यास पिन अधिक आवळते, म्हणून आधी दोन्ही टोके भिंगाखाली मोजावीत. सुट्या गोळ्यांचे बेअरिंग असण्याची शक्यता धरून माउंटखाली काठ असलेले पसरट तबक ठेवावे, गोळ्या मोजाव्यात आणि संख्या लिहून ठेवावी.

आट्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. जुन्या ब्रिटिश उपकरणांत ५५ अंशांचे व्हिटवर्थ आटे सापडतात, मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश असतो. पाव इंची स्क्रूच्या भोकात ६ मिलिमीटरचा स्क्रू एक-दोन फेरे बिनबोभाट जातो आणि मग आटे खाऊ लागतो. स्क्रू हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर पाना लावू नये.

शाफ्ट घरातून निघत नसेल तर घराला उष्णता द्यावी. केस वाळवण्याच्या यंत्राने घराचे तापमान शाफ्टपेक्षा ५० अंशांनी वाढवले, तर ॲल्युमिनियमच्या ४० मिलिमीटरच्या भोकात सुमारे साडेचार शतांश मिलिमीटर जागा होते आणि ती अनेकदा पुरते. ज्योतीचा वापर करू नये, कारण तिने रंग, लाखेचा लेप आणि ग्रीस तिन्ही जळतात. लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीचे बेताचे ठोके आणि उष्णता यांनी शाफ्ट हलला नाही, तर थांबावे. मोठ्या हातोडीने बेअरिंगच्या गोळ्या कड्यात रुतून खड्डे पडतात, आणि ग्रीसच्या साध्या दोषातून बेअरिंग बदलण्याचा मोठा खर्च उभा राहतो.

सफाई आणि नवे ग्रीस

सुकलेले ग्रीस रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून, नायलॉनच्या ब्रशने सोडवावे. हे काम मोकळ्या हवेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावे. पेट्रोल वापरू नये. चाकाच्या प्रत्येक दात्याच्या तळाशी साका राहतो, तो लाकडी टूथपिकने काढावा. पोलादी सुईने पितळेवर चरे पडतात. पितळी भागांवर जुना लाखेचा लेप असेल तर त्याला अल्कोहोल लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. अमोनिया असलेली पितळेची पॉलिश टाळावी, कारण ताणाखाली असलेल्या पितळेला तिने सूक्ष्म तडे जाऊ शकतात. अंशांच्या खुणा कोरलेली वर्तुळे तर मऊ कापडाने पुसण्यापलीकडे काहीच करू नये. त्यांच्यावरचा चंदेरी थर अतिशय पातळ असतो आणि एकदा घासला गेला की कोरीव आकड्यांमधली काळी भरणीही निघून जाते.

रंग काढायचा मोह अनेकांना होतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरड्या पॉलिश पेपरने घासून धूळ उडवू नये. अक्षाच्या चालीशी रंगाचा काही संबंध नाही, आणि मूळ रंग राहू दिलेले उपकरण मला तरी अधिक मोलाचे वाटते.

नवे ग्रीस लिथियमचे, एनएलजीआय २ प्रतीचे (घट्टपणाच्या मोजपट्टीवर मध्यम) चालते. रात्री फार थंड असतील तर कमी तापमानासाठी बनवलेले सिंथेटिक ग्रीस घ्यावे. जुन्या ग्रीसचा अंशही न ठेवता ते लावावे, कारण चिकणमातीवर आधारित जुने ग्रीस आणि लिथियम ग्रीस एकत्र आल्यावर मिश्रणाचा पोत बिघडतो. बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीसारख्या भागाला) पातळ थर पुरेसा असतो. भोक भरून ग्रीस कोंबल्याने अक्ष हलका होत नाही, उलट जादा ग्रीस क्लचकडे सरकते. कोरड्या चालणाऱ्या क्लचचे दोन्ही पृष्ठभाग शेवटी स्वच्छ पुसून घ्यावेत.

बंदिस्त बेअरिंग बदलावे लागले तर त्याच्या कडेवरचा क्रमांक वाचावा. ६००४ या क्रमांकातले शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, इथे २० मिलिमीटर. बसवताना जे कडे घट्ट बसणार आहे त्याच कड्यावर दाब द्यावा, गोळ्यांमधून दाब जाऊ देऊ नये.

वर्म आणि चाकाची जुळणी

ही कृती शेवटी येते, कारण अक्ष जड असताना केलेली जुळणी चुकीचीच ठरते. कोणतेही जुने चाक पूर्ण गोल नसते. वर्म हलकेच टेकवून हाताने सावकाश फिरवत चाकाची संपूर्ण फेरी करावी, म्हणजे १४४ दात्यांसाठी वर्मचे १४४ फेरे, आणि सर्वांत घट्ट जागा शोधून तिथे खूण करावी. त्या घट्ट जागेवर वर्म बोटांनी सहज फिरेल इतकी मोकळीक ठेवून ब्रॅकेट पक्का करावा. इतरत्र थोडी ढिलाई उरेल. ती पूर्व बाजू जड ठेवून सांभाळता येते. ढिलाई शून्य करण्याच्या हट्टापायी थंडीत वर्म अडकते आणि मऊ पितळेचे दाते सोलले जातात.

चाकाचा एक भाग खरोखरच झिजलेला दिसला आणि ते शाफ्टवर सेटस्क्रूने बसवलेले असेल, तर ते सोडवून अर्धी फेरी फिरवावे, म्हणजे न वापरलेले दाते कामाला येतात. अपघर्षक लेप लावून वर्म आणि चाक एकमेकांवर घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो कधीच देणार नाही. अपघर्षकाचे कण मऊ पितळेत रुततात आणि कितीही धुतले तरी पोलादी वर्मला कुरतडत राहतात.

कुठे थांबावे

शाफ्ट वाकलेला असेल, चाकाचा दाता तुटलेला असेल किंवा बुश अंडाकृती झाले असेल, तर सुटे भाग लेथवर अचूक काम करणाऱ्या, शक्यतो उपकरणांचा अनुभव असलेल्या कारागिराकडे न्यावेत. सोबतचा जोड भागही न्यावा, कारण बुश शाफ्टवरूनच मापले जाते. जस्ताच्या ओतीव भागांवर जाळीदार तडे किंवा फुगवटे दिसल्यास त्यांना पाना लावू नये. मिश्रधातूतील अशुद्धतेमुळे असे जस्त आतून पोखरते आणि हातातच भुगा होते. त्यावर गोंद किंवा वेल्डिंग टिकत नाही, तो भाग नव्याने घडवावा लागतो.

घड्याळी चालनाची यंत्रणा असलेल्या माउंटबाबत माझे मत ठाम आहे. फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोर्पाट वेधशाळेसाठी दिलेल्या मोठ्या दुर्बिणीपासून अशी चालने प्रचारात आली आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ बनत राहिली. वजनावर चालणारी यंत्रणा असेल तर वजन पूर्ण खाली जमिनीवर टेकल्याशिवाय आतल्या गिअरला हात लावू नये. स्प्रिंगवर चालणारी असेल तर ती उघडूच नये; गुंडाळलेल्या स्प्रिंगमधली ऊर्जा एकदम सुटल्यास बोट मोडते. ती घड्याळजीकडे द्यावी. निर्मात्याचे नाव आणि अनुक्रमांक असलेले, किंवा वेधशाळेतून आलेले उपकरण असेल, तर साध्या सफाईच्याही आधी ऐतिहासिक उपकरणांच्या जतनतज्ज्ञाला दाखवावे.

माउंट पुन्हा जुळवल्यावर सुरुवातीला केलेली वीस मिनिटांची नोंद त्याच पट्ट्यातल्या ताऱ्यावर पुन्हा करावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. पेन्सिलची रेघही पुन्हा ओढावी. नवे ग्रीस पहिल्या काही रात्रींत पसरते आणि शिम दबून बसतात, त्यामुळे साधारण दहा रात्रींच्या वापरानंतर थ्रस्ट नट आणि ब्रॅकेटचे स्क्रू एकदा तपासावेत. नट थोडा सैल झालेला बहुधा आढळतोच आणि पाव फेऱ्यापेक्षा कमी आवळणे पुरते.